वजनदार माणसासाठी टणक आणि टिकाऊ गादी : काय घ्यावं, काय तपासावं? (ग्वाल्हेर)

बाड्याजवळची

ग्वाल्हेरच्या मंडळींना विचारते आहे, बाहेरच्यांनीही सांगितलं तर हवंच आहे. झोपणाऱ्या दोघांपैकी एकाचं वजन ११८ किलो, दुसऱ्याचं ५८. पलंग पेटीचा, ७८ × ७२ इंची, वर प्लायची झाकणं. सध्याची सहा इंची गादी, जिच्यावर मोठ्या अक्षरांत 'ऑर्थो' लिहिलंय, दोन वर्षांत एका बाजूनं बसली. दुकानात गेलं की कोणी नारळाची म्हणतो, कोणी रिबाँडेड, कोणी पॉकेट स्प्रिंग, आणि प्रत्येक जण 'सगळ्यात हार्ड हीच' म्हणतो. टणकही हवी आणि टिकायलाही हवी. नक्की काय बघायचं?

मोजपट्टी

'हार्ड' हा शब्द आधी बाजूला ठेवा. टणकपणा वेगळा आणि घनता वेगळी, दुकानात दोन्हीला सर्रास एकच समजतात.

घनता म्हणजे एका घनमीटर फोमचं वजन किती किलो. '३२ डेन्सिटी', '४० डेन्सिटी' म्हणतात ते हेच. टणकपणा म्हणजे फोम दाबायला किती जोर लागतो. तो मोजायची पद्धत अशी : चार इंच जाड, १५ × १५ इंची तुकडा घ्यायचा, ८ इंच व्यासाच्या गोल तबकडीनं तो जाडीच्या २५ टक्के दाबायचा आणि लागलेला जोर नोंदवायचा. कारखाना रसायनांचं प्रमाण बदलून ४० घनतेचा फोम लोण्यासारखा मऊही करू शकतो आणि २३ घनतेचा पाटासारखा टणकही. दुकानात हातानं दाबल्यावर घनता ओळखू येत नाही. फरक कळतो तो वर्षभरानं. कमी घनतेच्या फोममध्ये माल कमी आणि हवा जास्त, त्यामुळे ११८ किलोंच्या कमरेखाली त्याच्या भिंती रोज वाकून वाकून मोडतात आणि तिथे खड्डा पडतो.

वजनदार माणसासाठी आणखी एक आकडा महत्त्वाचा. तोच तुकडा ६५ टक्के दाबायला लागलेला जोर भागिले २५ टक्क्यांना लागलेला जोर. साध्या फोमला हे गुणोत्तर २ च्या आसपास किंवा खाली येतं, चांगल्या एचआर म्हणजे हाय रेझिलियन्स फोमला अडीचच्या घरात. गुणोत्तर जास्त असलेला फोम वरवर मऊ लागतो, पण माणूस आत जायला लागला की आतून अडवतो. हलक्या माणसाला याचं काही वाटणार नाही, कारण तो तेवढा खाली जातच नाही.

तुमच्या 'ऑर्थो'बद्दल : या शब्दामागे कसलंही मोजमाप नसतं. स्वस्त ऑर्थोमध्ये बहुतेक वेळा मधे ईपी शीट असते, पांढरी, टीव्हीच्या खोक्यात पॅकिंगला येते त्या जातीची. वजन जवळपास नाही, पहिल्या दिवशी फळीसारखी टणक. मग तिच्या हवेच्या पेशी चेपतात आणि पुन्हा फुगत नाहीत. एका बाजूनं बसली म्हणता त्यावरून हेच असावं. टाकायच्या आधी खोळ उसवून बघा.

सुतारपक्षी

गादी राहू द्या, आधी पलंग तपासा. अर्ध्या तक्रारी गादीच्या नसतातच.

झाकण कितीचं आहे? बाजारातल्या तयार पेटीच्या पलंगांना सहसा १२ मिलिमीटरचं असतं, कधी त्याहून पातळ. प्लायचा ताठपणा जाडीच्या घनानं वाढतो. १२ चं १८ केलं तर झोल सव्वातीन पटींहून अधिक कमी होतो. झाकणाच्या मधे खालून आडवी पट्टी देऊन अंतर निम्मं केलं तर मधोमध पडलेल्या त्याच वजनाचा झोल आठव्या हिश्शावर येतो. म्हणून आधी पट्टी, मग प्लाय. पट्टी सागाची किंवा साल लाकडाची दोन बाय दोन इंची, आणि तिला पेटीच्या तळापर्यंत पोचणारा पाय. नुसती दोन टोकांना खिळलेली पट्टी ११८ किलोंखाली वर्षभरात खिळे उपटते.

तपासणी सोपी आहे. गादी काढा, झाकणावर आडवी सुतळी ताणून धरा, जड माणसाला मधोमध बसवा, सुतळी आणि प्लाय यांतली फट मोजा. पाच मिलिमीटरच्या वर गेली तर नवी गादीही बसणार, कितीही महाग घ्या.

प्लाय नवीन घेत असाल तर आयएस ३०३ चं बीडब्ल्यूआर, म्हणजे उकळत्या पाण्यालाही टिकणाऱ्या दर्जाचं घ्या. एमआर, म्हणजे नुसत्या दमटपणाला टिकणाऱ्या दर्जाचं, पाण्याला कच्चं असतं, आणि कूलरच्या खोलीत प्लायला ओल लागतेच. त्याला एक इंची भोकं पाडून घ्या, सहा-सहा इंचांवर. झाकण बंद पेटीवर असतं, खालून हवा नाही, त्यात जुलै-ऑगस्टमध्ये कूलर चालू. गादीच्या पोटाला बुरशी येते ती इथून. आणि नव्या गादीचं प्लॅस्टिक काढून टाका. ते ठेवून वर चादर घालणारे लोक आहेत, त्यांना काय म्हणावं!

पिंजण

इथे कोणी रुईच्या, म्हणजे कापसाच्या गादीचं नावच काढत नाहीये. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या जड माणसं रुईच्या गादीवरच झोपली की. मेमध्ये ४५ च्या वर पारा गेल्यावर फोमवर झोपून दाखवावं कोणी.

वजनदार माणसासाठी ७२ × ३६ च्या गादीत १५ ते १८ किलो रुई भरून घ्यायची. दहा-बारा किलोची गादी त्याच्याखाली दोन महिन्यांत चपाती होते. रुई समोर धुनवून (पिंजून) घ्यायची आणि मूठ उघडून बघायची. तंतू लांब हवा, ओढला की सरकत यावा. चिंध्या दळून केलेली रुई करडी दिसते, रंगीत ठिपके असतात, ओढली की तुटते आणि धूळ उडते. मिलचा कचरा पांढरा असतो पण त्याचे तंतू आखूड, म्हणून त्याच्या गाठी लवकर होतात. टाके पाच-सहा इंचांवर, दुहेरी दोऱ्यानं, आरपार. टाके लांब पडले की रुई कमरेखालून सरकून कडेला जमते. सेमल (सावरीचा कापूस) फक्त उशांना. गादीत घातली तर चेपून जाते.

मोजपट्टी

@पिंजण, रुईच्या थंडाव्याबद्दल वाद नाही. पण रुईला स्वतःची उसळी नसते. ती दबते आणि दबलेलीच राहते, म्हणून तर उन्हात टाकून झोडावी लागते आणि दर वर्षा-दोन वर्षांनी धुनाई. १८ किलोची गादी दर पंधरा दिवसांनी गच्चीवर कोण नेणार? ११८ किलोंच्या माणसाला आधार म्हणून एकटी रुई पुरत नाही. वरचा थर म्हणून मात्र उत्तम, त्यावर खाली लिहितो.

आधाराच्या थराला माझी पसंती रिबाँडेडला. फोमचे तुकडे बारीक करून, डिंक घालून, दाबून त्याचे ठोकळे करतात. घनता ६० पासून १२० पर्यंत मिळते. तुम्ही १०० च्या खाली जाऊ नका. दोष दोन. उसळी कमी, म्हणून नुसतं रिबाँडेड खांद्याला आणि कुल्ह्याला टोचतं. आणि हलक्या मालात डिंक कमी असतो, मग आतला चुरा होतो. कापलेल्या कडेवर अंगठा जोरात घासा. दाणे गळले तर तो माल नको. कडेला कापडाचे, रेक्झिनचे तुकडे दिसले तरी नको.

वर दोन इंच एचआर फोम, घनता निदान ४०, किंवा परवडत असेल तर दोन इंच लॅटेक्स (रबराच्या चिकाचा फोम). कुशीवर झोपण्याची सवय असेल तर अडीच-तीन इंच चालेल, त्याहून जास्त नको. चार-पाच इंच मऊ थर असलेली दहा इंची गादी दुकानात राजेशाही वाटते, पण जड माणूस त्यात आधी बुडतो आणि मग तळाला टेकतो. उंचीचे पैसे देऊ नका, घनतेचे द्या.

आता मुख्य गोष्ट. दुकानदार सांगतो ती घनता खरी कशी मानायची? वजन करा. लांबी × रुंदी × जाडी इंचांत, भागिले ६१,०००, म्हणजे घनमीटर मिळाले. त्याला घनतेनं गुणा.

७८ × ३६ ची गादी, खाली चार इंच रिबाँडेड १००, वर दोन इंच एचआर ४०.
खालचा थर : ७८ × ३६ × ४ = ११,२३२, भागिले ६१,००० = ०.१८४. गुणिले १०० = १८.४ किलो.
वरचा थर : ०.०९२ × ४० = ३.७ किलो.
खोळ साधारण दोन किलो. एकूण २४ च्या आसपास.

काट्यावर १७-१८ किलो आले तर समजा, खाली १०० नाही, ६५ च्या आसपासचं रिबाँडेड आहे. सामान तोलायचा हुकाचा काटा ५० किलोपर्यंत चालतो, तोच घेऊन जा. वजन करू देत नाही त्या दुकानातून सरळ बाहेर या.

कूलरचापाणी

+१. फक्त एक भर. वजनानंही फसवतात. फोम ओतताना खडूची भुकटी मिसळली की घनता वाढते, ताकद नाही. असा फोम चुरगाळला की हाताला पांढरट पावडर लागते, कोपरा दुमडून धरला की घडीवर चिरतो, आणि दाब सोडल्यावर आळसावून वर येतो. चांगला एचआर फोम मूठ उघडताच उसळतो.

तारयंत्र

स्प्रिंगला अगदीच वाळीत टाकलंत. सोळा इंच उंचीचे परदेशी नमुने सोडा, पण नीट बनवलेली स्प्रिंगची गादी जड माणसाला चांगला आधार देते आणि फोमपेक्षा हवा खेळती ठेवते. फक्त तारेची जाडी विचारा. स्प्रिंगचा ताठपणा तारेच्या व्यासाच्या चौथ्या घातानं वाढतो. वेढे आणि गोलाई तीच ठेवून तार १.८ मिलिमीटरची २.० केली तर स्प्रिंग दीडपट ताठ होते. दोन दशांश मिलिमीटरचा खेळ आहे, डोळ्यांना दिसतही नाही. पॉकेट, म्हणजे प्रत्येकी वेगळ्या कापडी पिशवीतल्या स्प्रिंगांना २.० च्या खाली नको. बॉनेल, म्हणजे डमरूच्या आकाराच्या, एकमेकींना गुंफलेल्या स्प्रिंगांना २.२ ते २.४. गेज सांगत असतील तर लक्षात ठेवा, गेजचा आकडा वाढला की तार बारीक.

बॉनेल जास्त ताठ असते, पण एक जण वळला की दुसरा हलतो. ११८ आणि ५८ अशी जोडी असेल तर ५८ वाल्याची झोप गेली समजा.

बिघडतं कुठे? स्प्रिंग क्वचित मोडते. स्प्रिंग आणि फोम यांच्यामधला नमदा (दाबलेल्या तंतूंचा थर) पातळ असतो, तो फाटतो, मग फोम वेढ्यांत उतरतो आणि 'स्प्रिंग टोचते' अशी तक्रार येते. निदान आठ-दहा मिलिमीटरचा दाबलेला नमदा किंवा रिबाँडेडची शीट हवी. आणि चारही कडांना टणक फोमची चौकट. नाहीतर कडेवर बसून बूट घालताना माणूस घसरतो.

मोजपट्टी

मान्य. पण स्प्रिंगची गादी आपल्या गावात उघडून दुरुस्त करणारा शोधावा लागेल, आणि तारेची जाडी तुम्ही दुकानात मोजणार कशी? फोमचं वजन निदान करता तरी येतं.

तारयंत्र

कापून ठेवलेला नमुना मागा. मोठ्या दुकानांत असतो. व्हर्नियर कॅलिपर लावायचा, दोन मिनिटांचं काम.

शुश्रूषा

टणकपणाबद्दल थोडं. 'पाठीला जितकं कडक तितकं चांगलं' हे डोक्यातून काढून टाकायला हवं. २००३ साली लॅन्सेटमध्ये स्पेनमधल्या ३१३ जणांवरची चाचणी प्रसिद्ध झाली होती. जुनी कंबरदुखी असलेल्यांना ९० दिवस टणक किंवा मध्यम टणक गादी दिली, आणि त्रास कमी झाला तो मध्यम टणकवाल्यांचा जास्त. मात्र मध्यम म्हणजे काय हे वजनावर ठरतं. ५८ किलोंना जी टणक वाटते तीच ११८ किलोंना मध्यम. त्यामुळे दुकानात गादी दाबून बघायला जाल तेव्हा जो झोपणार आहे त्यालाच न्या.

पंधरा मिनिटं, रोजच्या कुशीवर, स्वतःची उशी घेऊन झोपायचं. दुसऱ्यानं पाठीमागून बघायचं : मानेपासून माकडहाडापर्यंतची रेघ सरळ हवी. कुल्हा खाली गेलेला दिसला तर गादी मऊ. कंबर वर आणि खांदा दुमडलेला दिसला तर फार कडक. उताणं झोपल्यावर कमरेखाली हात घालून पाहा. थोड्या प्रयत्नानं सरकला तर ठीक, आरपार मोकळा गेला तर कडक.

टणक गादीवर खांदा कमी रुततो, म्हणजे कुशीवर झोपणाऱ्याला उशी थोडी उंच लागते. नवी गादी घेतल्यावर मान धरली की लोक गादीला दोष देतात, खरं तर बदलायची असते उशी.

आणखी एक, जमिनीपासून गादीच्या वरपर्यंतची उंची. जड माणसाला उठताना गुडघ्यांवर ताण येतो. कडेवर बसल्यावर पाय पूर्ण टेकून गुडघे कुल्ह्यांपेक्षा किंचित खाली हवेत. बहुतेकांना २० ते २२ इंच बरं पडतं. पेटी १४ इंची असेल तर सहा-सात इंची गादी, १६ असेल तर सहाच्या वर नको.

बाड्याजवळची

खूपच उपयोगी. सुतारपक्षी, सुतळी लावून पाहिली, एका बाजूला नऊ मिलिमीटर! मिस्त्रीला सांगते. खोळही उसवली, आत पांढरी शीटच निघाली. मेमरी फोम आणि नारळाच्या गादीबद्दल कोणी सांगेल का? आणि वजनं इतकी वेगळी असताना एकच गादी घ्यायची का?

कूलरचापाणी

मेमरी फोम ग्वाल्हेरला नको. तो उष्णतेनं मऊ पडतो आणि थंडीनं कडक होतो. जानेवारीत रात्री चार-पाच अंशांवर उतरणारं आणि जूनमध्ये घराचे पटिये (छताच्या दगडी फरशा) रात्रभर तापलेले असणारं आपलं गाव. म्हणजे एकच गादी पौषात फळी आणि ज्येष्ठात चिखल. जड माणूस त्यात साचा उमटल्यासारखा रुततो आणि कूस बदलायला जोर करावा लागतो. हवाच असेल तर वर एक इंच, त्याहून जास्त नाही.

नारळाची (आपल्याकडे कुठल्याही काथ्याच्या गादीला कर्लऑनच म्हणतात) थंड असते, सुरुवातीला मस्त टणक असते. पण त्यात काथ्याचे तंतू रबराच्या चिकानं जोडलेले असतात. उष्णतेनं आणि हवेनं ते रबर ठिसूळ होतं, जड वजनाखाली सांधे सुटतात, पलंगाखाली तपकिरी भुकटी दिसायला लागते. ५८ किलोंना चालेल. ११८ ला पैसे वाया.

मोजपट्टी

एकच गादी नको. ७८ × ३६ च्या दोन घ्या. ११८ साठी वर लिहिलेली, चार इंच रिबाँडेड १०० आणि दोन इंच एचआर. ५८ साठी चार इंच एचआर ४० आणि दोन इंच मऊसर एचआर चालेल. दोन्हींची जाडी मात्र अगदी सारखी हवी, पाव इंचाचा फरकही मधे पायरी करतो. दोन्ही एकाच ठिकाणी, एकाच दिवशी कापून घ्या. मधली फट बुजवायला दोन्हींना मिळून एक ताणाची खोळ, किंवा कडांना वेल्क्रो.

आपल्या लष्कर भागातल्या जुन्या घरांचे दगडी जिने पाहिलेत ना? ७८ × ७२ चं सहा इंची रिबाँडेड सलग घेतलं तर ५५ किलो भरतं आणि वळणावर दुमडतही नाही. हमाल दुमडायचा प्रयत्न करतो, तिथेच आतली चिकटवण सुटते.

आणि @पिंजण यांचं ऐका, पण वेगळ्या पद्धतीनं. या गाद्यांवर प्रत्येकी चार-पाच किलोची पातळ रुईची गादी टाका. घाम ती शोषेल, फोमचा उबारा अंगाला लागणार नाही, आणि चार किलो गच्चीवर कोणीही नेऊ शकतं. आधार खालचा देईल.

पिंजण

हे पटलं. टाके चार इंचांवर घ्या मग, पातळ गादीत रुई जास्त सरकते. आणि फोमची गादी चुकूनही उन्हात टाकू नका हो, रुईची सवय असते म्हणून सांगतो. उन्हानं फोम पिवळा पडतो, ठिसूळ होतो. लॅटेक्सचं तर त्याहून वाईट. सावलीत, पंख्याखाली उभी करून ठेवायची.

तारयंत्र

वॉरंटीचा कागद वाचून घ्या. तीन कलमं बघा : किती खोल खड्डा पडल्यावर दावा चालतो (सहसा वजन नसताना मोजलेला एक ते दीड इंच), माणसाच्या वजनाची मर्यादा आहे का, आणि डाग असेल तर वॉरंटी बाद होते का. तिसरं जवळजवळ सगळीकडे असतं, म्हणून पहिल्याच दिवशी जलरोधक पण हवा जाऊ देणारं आवरण घाला. दहा वर्षांच्या वॉरंटीत नंतरच्या वर्षांत बरेचदा वापराप्रमाणे पैसे कापून घेतात, तेही विचारा.

बाड्याजवळची

मग दुकानात हा कागद देते, कोणी चूक काढा :

१) दोन नग, ७८ × ३६ × ६, जाडी मधोमध मोजून देणार.
२) पहिला : रिबाँडेड १००, चार इंच, वर एचआर ४० टणक, दोन इंच. वजन खोळीसकट २३ ते २५ किलो.
३) दुसरा : एचआर ४०, चार इंच, वर एचआर ४० मऊ, दोन इंच.
४) थर एकमेकांना पूर्ण चिकटवलेले.
५) जाड सुती टिकिंगची खोळ, एका बाजूला चेन.
६) वजन समोर करून घेणार, बिलावर घनता लिहून घेणार.

मोजपट्टी

चौथं आणि पाचवं बदला. थर चिकटवू नका. वरचा दोन इंची थर आधी थकतो, रिबाँडेड त्याच्या दुप्पट टिकतं. सुटे असतील तर चार-पाच वर्षांनी फक्त वरचा बदलायचा. सरकू नयेत म्हणून खोळ घट्ट शिवून घ्या, लांबी-रुंदीत अर्धा इंच कमी. आणि दर तीन महिन्यांनी डोकं-पाय फिरवायचे. उलटी करायची नाही, हिला वर-खाली आहे.

तिसऱ्यात वजन लिहायचं राहिलं : ०.२७६ × ४० = ११, अधिक खोळ दोन, म्हणजे १३ किलो.

सुतारपक्षी

चेन एका बाजूला नको, तीन बाजूंना. एका बाजूच्या चेनमधून २२ किलोंचा माल परत आत घालताना खोळ फाटते, आणि दुकानात उघडून न दाखवायला दुकानदाराला बहाणाही मिळतो.

बाड्याजवळची

कागद बदलला. मिस्त्री रविवारी येतोय, आधी पट्टी आणि भोकं, गादी त्यानंतर.